युद्धकाळातल्या गाण्यांचं श्रवणसत्र: दोन तासांची बैठक कशी बांधावी

युद्धकाळातली गाणी म्हटलं की बहुतेक मंडळांत एकच यादी निघते: आठ-दहा समरगीतं, मधे वीररसाचं निवेदन आणि शेवटी राष्ट्रगीत. लोक टाळ्या वाजवून घरी जातात, पण युद्धात माणसं गाण्याच्या आधाराने तग धरून कशी राहिली, हे त्यांना कळलेलं नसतं. ज्या गाण्यांनी खरोखर धीर दिला, त्यांतली कितीतरी आवेशाची नव्हतीच. ती घरची, निरोपाची, हरवलेल्या माणसाची होती. अशी गाणी सैनिकांना मऊ करतील म्हणून तेव्हाचे अधिकारी घाबरले, आणि सैनिकांनी मात्र तीच उराशी धरली. हा फरक श्रोत्यांना कानांनी कळावा, यासाठी बैठक कशी बांधायची ते इथे देत आहोत. वाचनालयाचं सभागृह, ४० ते ६० श्रोते आणि दोन तास असा हिशोब धरला आहे.

वेळेचा हिशोब

७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात. त्यामुळे त्या काळातलं जवळपास प्रत्येक गाणं तीन-सव्वातीन मिनिटांचं असतं. अशी बारा गाणी घ्या. शेवटचं मोठं आहे, म्हणून गाण्यांना ४२ मिनिटं धरा. प्रत्येक गाण्याआधी दीड मिनिटाचं निवेदन, म्हणजे १८ मिनिटं. एक प्रात्यक्षिक १२ मिनिटांचं, पोवाडा १० मिनिटांचा, मध्यंतर १५ मिनिटांचं. बेरीज ९७ होते. उरलेली वीसेक मिनिटं मोकळी राहू द्या. ती भरण्याच्या मोहात पडलात की मध्यंतरानंतरचं सगळं घाईत उरकावं लागतं, आणि आपल्या मातीतली गाणी नेमकी तिथेच आहेत.

बारांपैकी आवेशाची गाणी चारच ठेवा. पाचवं घातलंत की बैठक पुन्हा नेहमीच्या समरगीतांच्या वाटेने जाते.

आधी कार्ड, मग गाणं

गाणं निवडताना प्रत्येकासाठी एक कार्ड करा आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: कोण ऐकत होतं, कुठे, कशावर, कोणत्या साली, आणि ते कोणाला नको होतं. पाचपैकी तीन रकाने भरता आले नाहीत, तर गाणं कितीही गोड असो, बाजूला ठेवा. निवेदनही या कार्डावरूनच करायचं. संगीतकाराचं चरित्र आणि पुरस्कारांची यादी नको.

उदाहरणार्थ ‘लिली मार्लेन’. हान्स लाइपची कविता १९१५ची, नॉर्बर्ट शुल्झेची चाल १९३८ची आणि लाले अँडरसनचं ध्वनिमुद्रण १९३९चं. सुरुवातीला तबकडी फारशी खपली नाही. १९४१मध्ये जर्मनांनी बेलग्रेड घेतलं, तिथून सैनिकांसाठी रेडिओ सुरू केला, आणि हे गाणं रोज रात्री दहाला काही मिनिटं असताना लागू लागलं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलचे सैनिक ते ऐकत होते आणि समोरची ब्रिटिश आठवी आर्मीही तेच स्टेशन लावत होती. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला गाणं आवडत नव्हतं. छावणीच्या दारातल्या दिव्याखाली उभ्या असलेल्या मुलीचं गाणं, त्यात विजयाचा एक शब्द नाही. पाचही रकाने भरले. असं गाणं आधी जर्मन आणि लगेच १९४४च्या इंग्रजी रूपात लावा. मधे काही बोलू नका. दुसऱ्यांदा चाल कानावर आली की श्रोते आपणहून एकमेकांकडे बघतात.

योग्य ध्वनिमुद्रण ओळखणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोकप्रिय युद्धगीतं नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित झाली, आणि शोधताना बहुधा तीच वर येतात. ब्रिटिश गायिका व्हेरा लिनचं ‘वी विल मीट अगेन’ घ्या. १९३९च्या मूळ मुद्रणात साथीला नोव्हाकॉर्ड हे एकच इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. आवाज एकटा आणि काहीसा थंड वाटतो. १९५३च्या मुद्रणात मागे सैनिकांचा कोरस आहे, सूर भरदार आणि उत्सवी आहे. ते युद्ध जिंकून आठ वर्षं झाल्यानंतरचं गाणं आहे. १९३९मध्ये ‘पुन्हा भेटू’ म्हणणाऱ्या बाईला भेट होईल की नाही हे ठाऊक नव्हतं, आणि ते न ठाऊक असणं मूळ मुद्रणात ऐकू येतं. पुरुषांचा कोरस आला की समजा, चुकीची फाइल हाती आली आहे.

साल, कंपनीचं नाव आणि मॅट्रिक्स क्रमांक (मुद्रणाचा नंबर, लेबलाच्या कडेला तबकडीतच उमटलेला असतो) दिलेला असेल असंच मुद्रण घ्या. स्टिरिओ, घुमारा घातलेलं किंवा ‘रिमास्टर’ असं मिरवणारं टाळा.

मूळ तबकडी वाजवायची असेल तर

मूळ तबकडी हाती आली, तर एखादी तरी प्रत्यक्ष वाजवा. ७८ची तबकडी शेलॅकची, म्हणजे आपल्याच लाखेची. जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. युद्धात जहाजं अडली आणि लाख दुर्मीळ झाली. अमेरिकेत एप्रिल १९४२मध्ये बिगरलष्करी कामासाठी शेलॅकचा वापर ७० टक्क्यांनी कापला गेला. जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून त्यांच्या नव्या करू लागले. त्यामुळे युद्धकाळातल्या तबकड्यांत खरखर जास्त असते. तो दोष तुमच्या यंत्राचा नाही, हे निवेदनात जरूर सांगा.

सुई ३ मिलची हवी, म्हणजे सुमारे ७६ मायक्रॉनची. एलपीची (नंतरच्या बारीक खाचेच्या तबकडीची) सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला जाऊन बसते, त्यामुळे आवाज पातळ आणि खरखरीत येतो आणि सुईही खराब होते. कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) सांगितलेलं वजन लावा, ते बहुधा ३ ते ५ ग्रॅम असतं. पुसायला ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब. लेबल कोरडं ठेवा. स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव लावू नका. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि तबकडी कायमची जाते.

‘व्ही-डिस्क’ मिळाली तर ती वेगळी वागवा. अमेरिकन लष्कराने ऑक्टोबर १९४३पासून १९४९पर्यंत परदेशातल्या सैनिकांसाठी काढलेल्या या बारा इंची तबकड्या. शेलॅक महाग आणि ठिसूळ, बोटीतून जाईतो फुटायचं, म्हणून या लवचीक विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या केल्या. एका बाजूला सहा मिनिटांपर्यंत संगीत मावायचं. ऑगस्ट १९४२पासून अमेरिकेत वादकांच्या संघटनेचा ध्वनिमुद्रणावर बहिष्कार चालू होता, तरी सैनिकांसाठी वादक बिनमोबदला वाजवायला तयार झाले. अट एवढीच की या तबकड्या विकायच्या नाहीत. विनाइल मऊ असतं, म्हणून चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुईने ती वाजवू नका. दोन-तीन वेळांतच खाच उकरली जाते.

फोनो प्रीअँप (तबकडीचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) नेहमीचा, एलपीसाठीचा असेल तर ७८चा आवाज गुदमरल्यासारखा येतो, कारण त्यातली दुरुस्ती नंतरच्या मानकाची आहे. ट्रेबल थोडा वाढवा. ७० हर्ट्झच्या खालचं कापा, नुसती घरघर असते ती. खरखर काढायचं सॉफ्टवेअर मात्र हळू हाताने वापरा. जोरात चालवलंत की ‘स’ आणि ‘श’ आधी जातात आणि गाणारा माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं.

सगळ्या फाइली मोनो करा आणि कानाला सारख्या वाटतील अशा पातळीवर आणा. शेवटच्या रांगेत फोनच्या ध्वनिमापकावर ७० ते ७५ डेसिबल पुरे. मोठ्याने लावलेली जुनी तबकडी कर्कश होते आणि मागचे ज्येष्ठ आधी उठतात.

सुरुवात: लेनिनग्राडचा ठोका

बैठकीची सुरुवात गाण्याने करू नका. दिवे मंद करा आणि फोनवरच्या मेट्रोनोमवर मिनिटाला ५० ठोके लावा. आवाज लाकडी टकटकीचा निवडा. पूर्ण एक मिनिट कोणी बोलायचं नाही. मग अचानक १५० ठोके, वीस सेकंद. मग पुन्हा ५०.

त्यानंतर सांगा: सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ रशियातल्या लेनिनग्राड शहराला जर्मनांचा वेढा होता. तिथे घराघरांत तारेने जोडलेला रेडिओचा कर्णा असे. कार्यक्रम नसले की त्यावर मेट्रोनोमचा ठोका चाले. संथ ठोका म्हणजे आभाळ निवळलंय, जलद ठोका म्हणजे हल्ला येतोय. उपाशी, गारठलेल्या शहरात संथ टकटकीचा अर्थ आणखी एक होता: रेडिओ चालू आहे, म्हणजे शहर जिवंत आहे. श्रोत्यांनी मिनिटभर हे ऐकलेलं असलं की पुढचं प्रत्येक गाणं ते वेगळ्या कानांनी ऐकतात. आम्ही तर म्हणू, दुसरं काही जमलं नाही तरी हे मिनिट कापू नका.

सैनिकी कुटुंबातली माणसं सभागृहात असतात. दिवे मंद होणार आणि आवाज अचानक बदलणार, हे आधी सांगून ठेवा. भोंग्याचा आवाज मुळीच वापरू नका.

लगेच ‘स्व्याश्चेन्नाया वोयना’, म्हणजे ‘पवित्र युद्ध’. जर्मनीने २२ जून १९४१ला सोव्हिएत रशियावर हल्ला केला, दोन दिवसांत कविता वर्तमानपत्रांत छापून आली, आणि २६ जूनला मॉस्कोच्या बेलोरुस्की स्टेशनवर आघाडीला निघालेल्या सैनिकांसमोर गाणं झालं. हे चारांपैकी पहिलं आवेशाचं. त्याच्या पाठोपाठ ‘व झेमल्यान्के’, म्हणजे ‘खंदकात’. शेगडीत लाकूड जळतंय, कोणीतरी अकॉर्डियन वाजवतंय, तू दूर आहेस आणि मरण मात्र चार पावलांवर, असा अलेक्सेई सुर्कोव्हच्या ओळींचा भाव. ही चार पावलं वरच्यांना खुपली, असं गाणं मन खचवेल म्हणाले. सैनिकांना मात्र ती चार पावलं रोज दिसत होती, आणि कोणीतरी ती खरी सांगतंय याचाच त्यांना आधार होता. सत्राचा कणा या जोडीत आहे. अर्थ गाण्याच्या आधी सांगा. गाणं चालू असताना वर बोलाल तर दोन्ही जातील.

प्रात्यक्षिक: कामाचं संगीत

बीबीसीने २३ जून १९४० रोजी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू केलं. कारखान्यांसाठी सकाळी आणि दुपारी अर्धा-अर्धा तास, न थांबता वाजणारं संगीत. साडेदहा आणि तीन या वेळा मुद्दाम निवडलेल्या, कारण नेमका तेव्हाच हात मंदावतो. नियम कडक होते. लय एकसारखी हवी, चाल ओळखीची हवी, गायन शक्यतो नको, आणि आवाज खालीवर होता कामा नये, नाहीतर यंत्रांच्या घरघरीत हळू भाग बुडतो.

हे सांगून पटत नाही, करून पटतं. प्रत्येकाला एका बाजूने कोऱ्या रद्दी कागदांचे वीस ताव द्या, मांडीवर ठेवायला पुठ्ठा द्या. कागद तीन घड्यांत दुमडायचा, लिफाफ्यात जाईल असा. पहिली चार मिनिटं शांततेत. पुढची चार मिनिटं गायनाशिवायचा जलद, समलयीचा डान्स बँड, दोन मुद्रणं मधे खंड न ठेवता जोडलेली. मोजणी किंवा स्पर्धा नको, स्पर्धा आली की संगीताकडे कोणाचं लक्ष राहत नाही. शेवटच्या मिनिटाला ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ लावा. त्यात ओळीनंतर चार टाळ्या आहेत. कागद ठेवून लोक टाळ्या वाजवू लागतील. कारखान्यांत कामगार या जागी हातातली हत्यारं यंत्रांवर ठोकत, आणि म्हणून या कार्यक्रमात हे गाणं वर्ज्य केलं गेलं. तेवढं सांगितलंत की पुरे.

इथे हमखास बिघडतं ते एकाच कारणाने: संगीत ओळखीच्या हिंदी गाण्यांचं लावलं जातं. शब्द पाठ असले की लोक गुणगुणतात आणि हात थांबतात.

एकाच वर्षी गायलेली दोन गाणी

व्हेरा लिनचं गाणं आणि आझाद हिंद सेनेचं ‘कदम कदम बढाये जा’ ही दोन लागोपाठ ठेवा. १९४४मध्ये व्हेरा लिन भारतातून बर्मा आघाडीवर गेली आणि ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीच्या सैनिकांसमोर गायली. त्याच वर्षी समोरच्या बाजूने आझाद हिंद सेना इंफाळच्या दिशेने येत होती, ओठांवर कॅप्टन रामसिंग ठाकुरींच्या चालीचं कूचगीत घेऊन. चौदाव्या आर्मीत आपली माणसं होती. मार्च १९४४च्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांविरुद्ध लढली. दोन्हीकडे हिंदी जवान. निवेदकाने इथे बाजू घेऊ नये, नकाशावर इंफाळ दाखवावं आणि गाणं लावावं.

पोवाडा जिवंतच हवा

मध्यंतरानंतर अण्णाभाऊ साठ्यांचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’, १९४३चा. व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या कामगारवस्तीत डफावर पोचली, याहून नेमकं उदाहरण मराठीत नाही. रेडिओ नसलेल्या माणसाला युद्धाची बातमी आणि धीर एकाच दमात देणारं माध्यम म्हणजे शाहीर. हा तुकडा रेकॉर्डवरून लावू नका. शाहीर, डफ, तुणतुणं, झांज आणि दोन झीलकरी (मागून सूर धरणारे) एवढा संच पुरतो. पूर्ण पोवाडा लांब आहे, म्हणून दहा मिनिटांचे चौक (पोवाड्याचे भाग) शाहिरांनाच निवडू द्या. निवेदकाने कापला तर कथा तुटते.

माइक तीन: शाहिराला एक, झीलकऱ्यांना मिळून एक, तुणतुण्याला वीतभर अंतरावर एक. डफाला वेगळा माइक नको, छोट्या सभागृहात तो असाच सगळ्यांवर चढतो. डफवाल्याला शाहिराच्या माइकपासून दोन हात मागे उभं करा. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं, आवाज बदबद येतो. अर्धा तास आधी लांबून शेक द्यायची सोय ठेवा. आतल्या पडद्याजवळ शेगडी मात्र नको.

कवी प्रदीप: वीस वर्षांचं अंतर

‘किस्मत’ (१९४३) मधलं ‘दूर हटो ऐ दुनियावालों’ रोखाने सरळ इंग्रजांना उद्देशून आहे, पण शब्दांत जर्मन आणि जपानी यांची नावं असल्यामुळे ते सेन्सॉरच्या हातून सुटलं. अनिल विश्वासांचं संगीत, प्रदीपांचे शब्द. यानंतर ‘छोटा जवान’ (१९६३) मधलं ‘जिंकू किंवा मरू’, गदिमांचे शब्द आणि वसंत देसाईंचं संगीत. हे श्रोत्यांकडून म्हणवून घ्या. शाळेत म्हटलेलं असतं, कागद लागत नाही. पट्टी खाली धरा, पन्नाशीपुढचे आवाज वर जात नाहीत.

आणि मग पुन्हा प्रदीप: ‘ऐ मेरे वतन के लोगों’. चीनशी युद्ध २१ नोव्हेंबर १९६२ला थांबलं. यशवंतराव चव्हाण त्याच महिन्यात संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले होते. देश खाली मान घालून बसला होता. २७ जानेवारी १९६३ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकरांनी हे गायलं, चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. गाण्यात विजय नाही, बदल्याची शपथ नाही. जे परतले नाहीत त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी आणा, एवढं सांगणं आहे. हरलेल्या देशाला आधी रडायची मोकळीक लागते. ती या गाण्याने दिली, म्हणूनच साठ वर्षं झाली तरी ते लागलं की माणसं गप्प होतात. वाजवता ते स्टेडियममधलं आहे की नंतरचं, हे आधी सांगा.

आभारप्रदर्शन या गाण्याच्या आधी उरका. गाण्यानंतर माइक कोणाच्याही हाती देऊ नका, दिवे सावकाश वाढवा. तारीख निवडायला मोकळीक असेल तर २७ जानेवारी धरा. लेनिनग्राडचा वेढाही १९४४मध्ये याच तारखेला उठला.

परवानगीचं

भारतात ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार (कॉपीराइट) प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तर शब्द आणि संगीत यांचा त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९४३ची तबकडी मुक्त असली तरी प्रदीपांचे शब्द मुक्त नाहीत, आणि अण्णाभाऊंचा पोवाडा २०२९च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. नफा न कमावणाऱ्या संस्थेच्या उपक्रमात रेकॉर्ड ऐकवायला आणि हौशी मंडळींनी बिनतिकीट श्रोत्यांपुढे सादर करायला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलंत, प्रायोजक घेतलात किंवा चित्रफीत नेटवर टाकलीत, तर आधी परवाने घ्या.

नंतरचं टेबल

दाराजवळ एक टेबल, दोन खुर्च्या आणि फोन. १९६५ आणि १९७१चे ब्लॅकआउट आठवणारी माणसं अजून आपल्यात आहेत, आणि गाणी ऐकून झाल्यावर ती बोलायला उत्सुक असतात. ‘तेव्हा काय वाटलं?’ असं विचारू नका, त्यावर सगळे सारखंच बोलतात. विचारा: रेडिओ कोणाच्या घरी होता? कोणत्या भिंतीला? खिडकीच्या काचांना कोणता कागद लावला होता? विविध भारतीवर सैनिकांसाठीची ‘जयमाला’ लागायची तेव्हा घरात कोण काय करत असे? फोन विमान मोडवर, तोंडापासून हातभर अंतरावर, आणि पंखा बंद. आधी तोंडी संमती मुद्रित करा, मग गाव आणि साल. एका माणसाला दहा मिनिटं. फाइलला त्याच रात्री नाव द्या, दुसऱ्या दिवशी कोणता आवाज कोणाचा ते आठवत नाही.